मराठीच्या तासाला वर्गाचा ब्लॉग : सुरुवात कशी करावी?

परळची शिक्षिका (धागाकर्ती)

नमस्कार. मी परळ भागातील एका मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत नववी आणि दहावीला मराठी शिकवते. येत्या जूनपासून नववीच्या एका तुकडीसाठी वर्गाचा ब्लॉग सुरू करावा असे मनात आहे आणि त्यासाठी ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

हे का करावेसे वाटले, ते आधी सांगते. मुले निबंध लिहितात तो माझ्यासाठी, मी वाचते तो गुण देण्यासाठी, आणि वही कपाटात गेली की त्या लेखनाचे आयुष्य संपते. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा विषय दिला की बहुतेक वह्यांमध्ये धरती हिरवा शालू नेसते आणि मोर पिसारा फुलवतो. ही वाक्ये गाईडमधून पाठ झालेली असतात. प्रत्यक्षात यातील निम्मी मुले हिंदमाताच्या आसपास राहतात. मोठा पाऊस झाला की त्यांच्या गल्लीत पाणी भरते, दुकानदार माल वरच्या फळीवर चढवतात, आई कामावरून कशी परत येणार याची घरात काळजी लागते. हे सारे ती मधल्या सुट्टीत इतके रंगून सांगतात की ऐकत राहावे, पण वहीत त्यातले एक अक्षरही उतरत नाही. आपण लिहिलेले खरोखर कोणीतरी वाचणार आहे अशी खात्री असेल तर लेखन बदलेल, असे मला वाटते.

अडचणी मात्र बऱ्याच आहेत. घरात एकच स्मार्टफोन आणि तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, अशी स्थिती अनेकांची आहे. शाळेच्या संगणक कक्षात आम्हाला आठवड्याला एकच तासिका मिळते. मुख्याध्यापकांचा विरोध नाही, परंतु पालकांच्या संमतीचे काय आणि बोर्डाच्या परीक्षेत याचा उपयोग काय, हे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत आणि ते रास्त आहेत.

सर्वांत मोठी अडचण माझ्या स्वतःच्या मनातील आहे. मुलांचे लेखन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसह तसेच प्रसिद्ध केले, तर शाळेचे नाव खराब होईल असे म्हटले जाईल. मी सर्व दुरुस्त करून दिले, तर ते लेखन माझे होईल आणि मूल पुन्हा माझ्यासाठीच लिहू लागेल. यातून मार्ग कसा काढता?

मुलुंडचे सर

मॅडम, नमस्कार. आमच्या शाळेत नववीचा वर्गब्लॉग गेली काही वर्षे चालू आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. आमच्याकडे पहिला खर्डा वहीतच लिहिला जातो आणि तो शेजारच्या बाकावरील विद्यार्थी पेन्सिलीने तपासतो. त्याने दोनच गोष्टी करायच्या असतात : जेथे कळले नाही तेथे प्रश्नचिन्ह, आणि जेथे शुद्धलेखनाची शंका आली तेथे शब्दाखाली रेघ. बरोबर शब्द त्याने लिहून द्यायचा नाही. रेघ पाहून लेखकाने शब्दकोश किंवा पाठ्यपुस्तक उघडायचे आणि स्वतः दुरुस्ती करायची. त्यानंतर लेखन माझ्याकडे येते आणि मीही रेघाच मारतो. प्रसिद्ध झालेल्या नोंदीत एखादी चूक राहते, ती राहू द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या ब्लॉगच्या माथ्यावर ‘हे विद्यार्थ्यांचे लेखन आहे’ असे एक वाक्य आहे, आणि त्यानंतर शाळेच्या नावाचा प्रश्न कोणीही काढलेला नाही.

साधन निवडताना ही प्रक्रिया सांभाळली जाते का, एवढेच पाहावे. गूगलच्या ब्लॉगर या ब्लॉगसेवेवर ज्याला लेखक म्हणून जोडाल तो स्वतःची नोंद थेट प्रसिद्ध करू शकतो, मधे शिक्षकाची पायरी नाही. वर्डप्रेस या दुसऱ्या ब्लॉगसेवेत ‘काँट्रिब्यूटर’ नावाची भूमिका आहे. त्या भूमिकेतील विद्यार्थी लिहू शकतो, परंतु प्रसिद्ध करू शकत नाही; त्याचे लेखन तुमच्या मान्यतेसाठी थांबून राहते. या भूमिकेत छायाचित्रे चढवता येत नाहीत, ती तुम्हालाच चढवावी लागतात. वर्गाच्या दृष्टीने मला ते सोयीचेच वाटते, कारण कोणते छायाचित्र बाहेर जाते आहे हे शिक्षकाच्या नजरेखालून जाते. शिवाय वर्डप्रेस प्रत्येक नोंदीची आधीची रूपे जपून ठेवते आणि दोन रूपे शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. मुलाने कोठे काय बदलले, हे मूल्यमापनाच्या वेळी यापेक्षा चांगले कशातूनच दिसत नाही.

फोन आणि संगणक यांच्या टंचाईवर आमचा तोडगा असा आहे की प्रत्येक मुलाने दर आठवड्याला लिहायचेच नाही. पाच-पाच मुलांचे गट असतात आणि एका आठवड्यात एकच गट नोंदी लिहितो. उरलेली मुले त्या आठवड्यात वाचक असतात आणि त्यांनी प्रतिसाद लिहायचे असतात. संगणक कक्षातील एका तासिकेत पाच नोंदी टंकित होऊन जातात. घरी फोन नाही म्हणून कोणी मागे पडत नाही.

आता प्रतिसादांविषयी. ब्लॉगचा खरा उपयोग येथे आहे आणि बहुतेक वर्गब्लॉग येथेच कोरडे पडतात. नोंदी लिहिल्या जातात, त्याखाली ‘छान’, ‘मस्त लिहिलेस’ असे चार शब्द येतात आणि दोन महिन्यांत सर्वांचाच उत्साह ओसरतो. वाचक आपोआप येत नाहीत, त्यांची व्यवस्था करावी लागते. इंग्लंडमधील बोल्टन येथील एका शिक्षकाने २०११ मध्ये क्वाडब्लॉगिंग नावाची एक पद्धत सुरू केली होती : चार शाळांचा एक गट करायचा, दर आठवड्याला एका शाळेचा ब्लॉग केंद्रस्थानी ठेवायचा आणि इतर तीन शाळांतील मुलांनी त्याला भेट देऊन प्रतिसाद लिहायचे. आम्ही तीच कल्पना लहान करून राजापूर तालुक्यातील एका शाळेशी जोडी जमवली. आमच्याकडे एक नियम आहे की प्रत्येक प्रतिसादात निदान एक खरा प्रश्न असलाच पाहिजे, म्हणजे ज्याचे उत्तर विचारणाऱ्याला माहीत नाही असा प्रश्न.

याचा परिणाम एका उदाहरणाने सांगतो. आमच्या एका विद्यार्थ्याने भारतातील पहिल्या प्रवासी रेल्वेवर नोंद लिहिली, कारण ती गाडी आमच्या मुलुंडवरूनच ठाण्याला गेली होती. त्याने लिहिले की १६ एप्रिल १८५३ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या भव्य इमारतीतून पहिली गाडी निघाली. राजापूरच्या एका मुलीने विचारले, ‘ही इमारत तेव्हा होती का?’ प्रश्न इतकाच होता. त्याने ग्रंथालयात जाऊन शोध घेतला. गाडी बोरीबंदरहून सुटली होती आणि आज दिसते त्या इमारतीचे काम १८७८ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी सुरू झाले, हे त्याला सापडले. त्याने वाक्य बदलले, खाली त्या मुलीचे आभार मानले आणि पुढच्या नोंदीत प्रत्येक सनावळीपुढे ती कोठून घेतली ते लिहिले. माहिती तपासून लिहा, असे मी त्याला वर्षभर सांगत होतो. माझ्या लाल शेऱ्याने जे झाले नाही ते एका अनोळखी मुलीच्या प्रश्नाने झाले.

विलेपार्ल्याची आई

मी शिक्षिका नाही. माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात नोकरी करते आणि माझी मुलगी आठवीत आहे. पालकांच्या बाजूने जे विचारले जाईल ते मांडते, म्हणजे आपल्याला पालकसभेपूर्वीच तयारी करता येईल.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ या कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक ठरते आणि तिच्या वैयक्तिक माहितीवर कोणतीही प्रक्रिया करण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घ्यावी लागते. मुलांच्या वावरावर पाळत ठेवणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे, यांनाही या कायद्याने प्रतिबंध केला आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. शाळेने वाट न पाहता आत्तापासूनच लेखी संमती घ्यावी, असे मला वाटते. संमतिपत्र मराठीत असावे, एका पानात मावावे आणि त्यात ब्लॉग कोण वाचू शकेल, मुलाचे कोणते नाव दिसेल, छायाचित्र असेल का, आणि पालकांनी नंतर मन बदलल्यास नोंद कशी काढली जाईल, हे चार मुद्दे साध्या शब्दांत असावेत. संमती न देणाऱ्या पालकांच्या मुलाला वर्गात वेगळे वाटणार नाही अशी सोय आधीच करून ठेवावी. उदाहरणार्थ, त्याचे लेखन वर्गातील फलकावर लागावे.

काही गोष्टी मात्र संमतीवरही सोडू नयेत. मुलांची आडनावे कोठेही नकोत, पहिले नाव किंवा त्याने निवडलेले टोपणनाव पुरे. गणवेशावरील शाळेचे बोधचिन्ह दिसेल असे मुलींचे छायाचित्र अजिबात नको. फोनवर काढलेल्या छायाचित्रात पुष्कळदा ते कोठे काढले याची नोंद दडलेली असते, ती चढवण्यापूर्वी काढून टाकावी. ‘मी रोज साडेसहाला अमुक गल्लीतून एकटी क्लासला जाते’ अशी वाक्ये मुले अगदी निरागसपणे लिहितात. प्रसिद्धीपूर्वी शिक्षकांनी शुद्धलेखनापेक्षा अशी वाक्ये आधी शोधावीत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

सुरुवातीचे एक सत्र ब्लॉग खासगी ठेवावा, वर्ग आणि पालक यांनाच तो उघडता यावा. प्रतिसाद शिक्षकांच्या मान्यतेनंतरच दिसतील अशी सोय ब्लॉगर आणि वर्डप्रेस या दोन्हींत आहे, ती पहिल्या दिवशीच चालू करावी. वर्डप्रेस डॉट कॉमच्या मोफत योजनेत पानांवर जाहिराती दिसतात, हेही पालकांना आधीच सांगून ठेवावे, नाहीतर पहिली तक्रार तीच येईल. मुलांची स्वतंत्र खाती उघडणार असाल तर वयाची अट पाहा. गूगलच्या खात्यासाठी किमान वय १३ आहे, त्यामुळे नववीला अडचण येऊ नये, पण हाच प्रयोग कोणी सहावीला करणार असेल तर वर्गाचे एकच खाते शिक्षकांनी चालवणे योग्य.

हे सारे वाचून कोणी घाबरू नये. माझ्या मुलीच्या शाळेने असा ब्लॉग काढला तर मी आनंदाने सही करीन.

दादरचे निवृत्त शिक्षक

चर्चा वाचून समाधान वाटले. माझी हयात शाळेच्या हस्तलिखितांमध्ये गेली. दरवर्षी मुले सुंदर अक्षरात हस्तलिखित तयार करीत, स्नेहसंमेलनात ते काचेच्या पेटीत मांडले जाई आणि नंतर ग्रंथालयात जाई. त्यात श्रम फार होते, वाचक मात्र फार थोडे, म्हणून ब्लॉगची कल्पना मला मनापासून पटते. तरीही त्या जुन्या परंपरेतील एक गोष्ट सोडू नये असे सुचवतो, ती म्हणजे निवड. हस्तलिखितात सर्वांचे सर्व लेखन जात नसे. मुलांचे संपादक मंडळ बसत असे, लेख मोठ्याने वाचले जात, आणि हा लेख का घ्यावा यावर मुले हिरिरीने भांडत. चांगले लेखन म्हणजे काय, हे ती त्या भांडणातून शिकत.

फ्रान्समधील सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने १९२० च्या दशकात आपल्या खेड्यातील शाळेत छोटे छपाईयंत्र आणले होते. मुले आपले अनुभव लिहीत, ते वर्गात वाचले जात, त्यातील एक मजकूर वर्ग निवडत असे, सर्व मिळून त्यावर हात फिरवत, मुलेच खिळे (छपाईची धातूची अक्षरे) जुळवून तो छापत आणि दूरच्या दुसऱ्या शाळेला पाठवत. त्या शाळेकडूनही तसाच मजकूर येई. मुलुंडच्या सरांनी राजापूरशी जे नाते जोडले आहे ते याच जातीचे आहे. फ्रेनेच्या वर्गात छापणे ही शेवटची पायरी होती; वाचन, निवड आणि सामूहिक दुरुस्ती या आधीच्या पायऱ्यांना वेळ दिला जाई. खिळे जुळवायला लागणारा वेळ मुलांना प्रत्येक वाक्याचा विचार करायला लावत असे. आज कळ दाबली की नोंद प्रसिद्ध होते, तेव्हा तो वेळ शिक्षकाने जाणीवपूर्वक निर्माण करावा लागेल.

ज्या घरी फोन नाही त्या घरापर्यंतही लेखन पोहोचले पाहिजे. महिन्यातील निवडक नोंदी छापून भित्तिपत्रकावर लावाव्यात. मुंबईत ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले, तो दिवस आपल्या राज्यात पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी वर्षातील उत्तम नोंदींचा छापील अंक काढून प्रत्येक मुलाच्या हाती द्यावा. आजी-आजोबा तो वाचतील आणि पुढच्या वर्षी संमतिपत्रांसाठी पालकांच्या मागे लागावे लागणार नाही.

परळची शिक्षिका (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. गटाने लिहिणे आणि इतरांनी वाचक होणे ही कल्पना तर मी याच सत्रात वहीवर करून पाहणार आहे. संमतिपत्राचा मसुदाही लिहायला घेतला आहे.

आणखी तीन शंका आहेत. पहिली, मराठी टंकलेखन. आमच्या संगणकांवर जुने फाँट आहेत आणि त्यात लिहिलेले महाजालावर भलतेच दिसते. दुसरी, मुले इतरत्र छापलेले उतरवून काढतील किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून लिहून घेतील, ही भीती. आणि तिसरी, मुख्याध्यापकांचा बोर्डाविषयीचा प्रश्न, त्याला काय उत्तर द्यावे?

चर्चगेटची प्राध्यापिका

मी कनिष्ठ महाविद्यालयात भाषा शिकवते, म्हणून तिसऱ्या शंकेपासून सुरू करते. बारावीच्या इंग्रजीच्या परीक्षेत ब्लॉगलेखनावर प्रश्न विचारला जातो. आमच्याकडे येणारी मुले त्याची रचना पाठ करून येतात : वर शीर्षक, खाली तारीख, मग तीन परिच्छेद. त्यांनी आयुष्यात एकही ब्लॉग लिहिलेला नसतो आणि बहुतेकांनी वाचलेलाही नसतो. नववीत ज्याने वर्षभर खऱ्या वाचकांसाठी लिहिले आहे त्याला हा प्रश्न वेगळा शिकवावाच लागणार नाही. दहावीच्या मराठीतही बातमी, जाहिरात, सारांश, पत्र असे उपयोजित लेखन आहेच. वर्गब्लॉगवरील एखाद्या आठवड्याचा विषय म्हणून शाळेतील कार्यक्रमाची बातमी लिहून घेतली, तर तोच अभ्यास होतो. अंतर्गत मूल्यमापनाच्या २० गुणांतील स्वाध्यायाच्या भागासाठी ही नोंद धरता येईल का, हे मुख्याध्यापकांशी बोलून ठरवावे.

टंकलेखनासाठी जुने फाँट पूर्णपणे सोडून द्यावेत, युनिकोडखेरीज, म्हणजे अक्षरे कोणत्याही संगणकावर नीट दिसतील अशा पद्धतीखेरीज, इलाज नाही. विंडोजमध्ये मराठीचा कळफलक आधीपासूनच असतो, तो सेटिंगमध्ये जाऊन फक्त चालू करावा लागतो. इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिपींसाठीचा कळफलक शिकायला सुरुवातीला वेळ लागतो, पण ज्या मुलांनी तो शिकला ती पुढे रोमन अक्षरांकडे वळत नाहीत. मराठी मुलांनी मराठी अक्षरांतूनच विचार करत टंकावे, असे मला फार वाटते. फोनवर बोलून लिहिण्याची सोय आहे, ती वापरू द्यावी. त्यात विरामचिन्हे जवळजवळ येतच नाहीत आणि सारा मजकूर एकसलग उमटतो. त्याचाच उपयोग करून मी मुलांना असा मजकूर देते आणि विरामचिन्हे घालायला सांगते. पूर्णविराम कोठे पडला की वाक्याचा अर्थ कसा बदलतो, हे त्यांना त्या एका तासात नीट समजते.

उतरवून काढण्याची भीती खरी आहे, पण तिचे मूळ बहुतेक वेळा आपण दिलेल्या विषयात असते. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध कोणतेही यंत्र क्षणात लिहून देईल. ‘हिंदमाताजवळच्या तुमच्या ओळखीच्या एका दुकानदाराला विचारा की पाणी भरण्याची चिन्हे त्याला आधी कोठे दिसतात आणि तो सर्वांत आधी कोणता माल उचलतो’, हे मात्र मुलालाच जाऊन विचारावे लागेल. त्यावर जोडीच्या शाळेतील एखाद्याने ‘खूप पाणी म्हणजे किती?’ असे विचारले, की पुढच्या रूपात ‘दुकानाची दुसरी पायरी बुडेपर्यंत’ असे वाक्य येईल. आधीची रूपे, त्यावरचे प्रश्न आणि नंतरचा बदल हे तिन्ही समोर असताना लेखन कोणाचे आहे याविषयी शंका उरत नाही. गुण द्यायचेच असतील तर मी अंतिम नोंदीपेक्षा या बदलाला आणि इतरांना विचारलेल्या प्रश्नांना अधिक देते.

मुलुंडचे सर

प्राध्यापिका मॅडमनी सुचवलेला दुकानदाराचा विषय आमच्या मुलांनाही द्यावा असे वाटते. मुलुंडला पाणी वेगळ्या ठिकाणी भरते, त्यामुळे दोन्ही वर्गांना तुलना करता येईल, आणि राजापूरची मुले अर्जुना नदीच्या पुराविषयी लिहू शकतील.

परळच्या मॅडम, आपली तयारी असेल तर आमची नववी जोडीदार व्हायला तयार आहे. जूनचा महिना संमतिपत्रे आणि कळफलक यांतच जातो, हे आधीच धरून चाला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आपला पहिला गट लिहील, त्यानंतरच्या आठवड्यात आमचा. प्रतिसाद सोमवार ते गुरुवार लिहायचे आणि शुक्रवारी लेखकाने प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचे, असा आमचा शिरस्ता आहे. आपल्या संगणक कक्षाची तासिका कोणत्या वारी येते ते पाहून यात बदल करता येईल. मुख्याध्यापकांचा होकार मिळाला की येथेच व्यक्तिगत निरोप पाठवा. राजापूरच्या बाईंना मी आजच विचारून ठेवतो.